गेटवर चोरी पकडली, माफीनामाही हातात आहे. बडतर्फी टिकेल का?

शिरोली_मशिनशॉप

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशिनशॉप आहे, पटावर ६२ कामगार, आत युनियन आहे. सोमवारी दुसरी पाळी सुटताना गेटवरच्या झडतीत एका टर्निंग ऑपरेटरच्या डब्याच्या पिशवीत कार्बाइड इन्सर्टचे (लेथवर धातू कापणारी छोटी पाती) तीन बॉक्स मिळाले. गेट पास नव्हता. माणूस कायम आहे, ११ वर्षं नोकरी. शिफ्ट इन्चार्जनं त्याला केबिनमध्ये बसवून माफीनामा लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून 'येऊ नको' असं तोंडी सांगितलं. आज तिसरा दिवस.

मालकांचं म्हणणं, कबूल केलंय तर चौकशीचा घोळ कशाला, हिशेब करून मोकळे व्हा. मला ते पटत नाही. माफीनाम्याच्या जोरावर बडतर्फ करता येतं का? आधी पोलिसात द्यायचं की आधी चौकशी? आणि चोरी सिद्ध झाली तरी '११ वर्षांच्या माणसाला एवढी शिक्षा कशी' म्हणून कोर्ट परत घ्यायला लावतं, असं ऐकलंय, ते कितपत खरं?

हो, आणखी एक. युनियनची पगारवाढीची मागणी सध्या समेट अधिकाऱ्यांपुढे (मालक-कामगार वादात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) चालू आहे. त्याचा याच्याशी संबंध नसावा.

फाईलबंद

शेवटून सुरुवात करतो, कारण मोठा खड्डा तिथंच आहे. संबंध आहे साहेब.

समेटाची कार्यवाही चालू असताना कामगाराला बडतर्फ करायचं तर कायद्यानं हात बांधलेले असतात. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम ३३ होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात तीच तरतूद कलम ९० मध्ये आहे. गैरवर्तनाचा चालू वादाशी संबंध असेल तर आधी लेखी परवानगी लागते. संबंध नसेल, जसा इन्सर्टच्या चोरीचा पगारवाढीशी नाही, तर बडतर्फ करता येतं, पण तीन गोष्टी एकाच दमात व्हाव्या लागतात: बडतर्फीचा आदेश, एक महिन्याचा पगार, आणि ज्या अधिकाऱ्यापुढे वाद आहे त्याच्याकडे केलेल्या कारवाईला मंजुरी मागणारा अर्ज. आदेश आज काढला, पगार पुढच्या आठवड्यात दिला, अर्ज वकिलांना सवड मिळाली तेव्हा, असं झालं की सगळं पाण्यात. जयपूर जिल्हा सहकारी भूमी विकास बँकेच्या खटल्यात २००२ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय की अर्जच केला नाही किंवा मंजुरी मिळाली नाही, तर ती बडतर्फी मुळात झालीच नाही असं धरायचं. म्हणजे माणूस त्या दिवसापासून नोकरीतच, पगारही त्या दिवसापासून चालू.

त्यात हा कामगार युनियनचा पदाधिकारी आणि 'संरक्षित कामगार' असेल तर गैरवर्तनाचा वादाशी संबंध असो वा नसो, आधी परवानगी लागतेच. एकूण कामगारांच्या एक टक्का, पण कमीत कमी पाच, असा संरक्षितांचा आकडा असतो. ६२ च्या कारखान्यात पाच जण असू शकतात. युनियननं दिलेली यादी फाईलला आहे का, ते आजच बघा.

आता ते तोंडी 'येऊ नको'. सध्या तुमच्या विरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. उद्या तो म्हणणार, मला चौकशीशिवाय काढलं, आणि ते खरंच असेल. आजच्या आज लेखी निलंबन आदेश काढा: 'चौकशी प्रलंबित ठेवून' हे शब्द त्यात हवेत, नाहीतर निलंबन हीच शिक्षा झाली आणि एका कृत्याला दोन शिक्षा कशा, असा मुद्दा निघतो. मागची तारीख घालू नका. गेलेले दिवस भरपगारी धरा, दोन-तीन दिवसांच्या पगारासाठी अख्खी केस पणाला लावण्यात अर्थ नाही.

निलंबनात निर्वाह भत्ता द्यायचा. पहिले ९० दिवस लगतच्या वेतनाच्या ५० टक्के, पुढे चौकशी लांबली आणि ती त्याच्यामुळे लांबली नसेल तर ७५ टक्के. संहितेतला स्थायी आदेशांचा (म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांचा) भाग ३०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना लागू होतो, म्हणून तुमचे सल्लागार कदाचित 'आपल्याला नाही' म्हणतील. तरीही द्या, आणि पगाराच्याच तारखेला द्या. भत्त्याविना माणूस चौकशीला येऊ शकला नाही आणि चौकशी एकतर्फी झाली, तर भारत गोल्ड माइन्सच्या १९९९ च्या निकालात तेच चौकशी रद्द होण्याचं एक कारण ठरलं होतं.

माफीनाम्याबद्दल. त्यात नक्की काय लिहिलंय? 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, माफ करावे' एवढंच असेल तर ती कसलीच कबुली नाही. कुठली चूक? उशिरा आल्याची? वेळ रात्री साडेअकरानंतरची, बंद केबिन, दारात वॉचमन, अक्षर शिफ्ट इन्चार्जचं आणि सही कामगाराची, असा कागद चौकशीत पहिल्याच उलटतपासणीला कोलमडतो. त्याला एक कागद म्हणून ठेवा, पाया म्हणून नको. आरोपपत्र मिळाल्यावर त्यानं शुद्धीत, घरी बसून, स्वतः लिहिलेल्या उत्तरात आरोप स्पष्टपणे मान्य केला तर ती खरी कबुली. तरीही चौकशी अधिकाऱ्यानं ती एकदा समोर विचारून नोंदवावी.

राजीनामा घेऊन प्रकरण मिटवायचा मोह मालकांना होईलच. 'राजीनामा दे, नाहीतर पोलिसात देतो' ही धमकी झाली, आणि तसा राजीनामा बडतर्फीपेक्षा कच्चा.

पंचगंगाकाठ

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त पुरावा आणि आरोपपत्राचं लिहितो, कारण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यात बहुतेक प्रकरणं तिथंच फसतात.

आज उठून सगळ्यात आधी सीसीटीव्हीचं बघा. डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) किती दिवसांनी जुनं पुसतो ते कुणाला माहीत नसतं. कुठे ३० दिवस, कुठे १५. गेटचा कॅमेरा, टूल स्टोअरचा कॅमेरा आणि त्याच्या मशीनच्या रांगेतला कॅमेरा, तिन्हींचं पूर्ण पाळीचं फुटेज वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा. नुसती 'कामाची' दोन मिनिटं कापून ठेवू नका, मग बाकीचं का लपवलं हा प्रश्न येतो. कोणी उतरवलं, किती वाजता, डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे-मागे आहे, हे एका कागदावर लिहून सही घ्या. कारखान्यातल्या चौकशीला पुरावा कायदा काटेकोरपणे लागत नाही, पण प्रकरण पुढे गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, हॅश व्हॅल्यूसकट (फाईलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक). ते आत्ता करणं पाच मिनिटांचं काम आहे, चार वर्षांनी अशक्य.

मग माल. ते तीन बॉक्स सध्या कुठे आहेत? स्टोअरकीपरनं परत रॅकवर ठेवून इश्यू केले असतील तर तुमचा मुद्देमालच गेला. असतील तर कापडी पिशवीत घालून, लाख किंवा सहीची पट्टी लावून, सिक्युरिटी आणि एका कामगार पंचाच्या सहीनं सील करा. सील फोडायचं ते चौकशीत, त्याच्या समोर.

इथे एक गोम आहे. इन्सर्ट नवे की वापरलेले? वापरलेल्या कार्बाइडला भंगारात किलोवर चांगला भाव येतो, त्यामुळे बचाव हमखास ठरलेला: 'हे झिजलेले होते, स्क्रॅपच्या डब्यातून घेतले, सगळेच नेतात.' म्हणून बॉक्स सीलबंद होते का, बॉक्सवरचा बॅच नंबर तुमच्या खरेदीच्या बिलाशी आणि स्टोअरच्या आवक नोंदीशी जुळतो का, इश्यू रजिस्टरला त्या दिवशी त्याच्या नावावर किती नग आहेत, जुने परत केल्याशिवाय नवे मिळत नाहीत असा नियम कागदावर आहे का, हे सगळं जोडा. बॅच जुळली तर निम्मी केस तिथंच झाली.

वॉचमन हा तुमचा मुख्य साक्षीदार आणि तो ठेकेदाराचा माणूस. तीन महिन्यांत तो दुसऱ्या साइटवर गेला, मोबाइल बदलला, की शोधत बसाल. त्याचा जबाब आज घ्या, गावचा पत्ता घ्या आणि चौकशीत त्याला पहिल्याच तारखेला उभा करा.

आरोपपत्र असं नको: 'आपण कंपनीच्या मालाची चोरी केली असून आपले वर्तन विश्वासघातकी आहे.' यात ना तारीख, ना जागा, ना वस्तू. शिवाय निकाल आधीच देऊन टाकलाय. असं लिहा:

'दि. … रोजी आपण दुसऱ्या पाळीत सीएनसी लेथ क्र. … वर कामावर होता. पाळी सुटल्यावर रात्री ११.३८ च्या सुमारास मुख्य गेटवर सुरक्षारक्षक श्री. … यांनी पाळी प्रमुख श्री. … यांच्या उपस्थितीत आपली झडती घेतली असता, आपल्या जेवणाच्या डब्याच्या निळ्या पिशवीत सीएनएमजी १२०४०८ या मापाच्या इन्सर्टचे, प्रत्येकी १० नगांचे ३ सीलबंद बॉक्स मिळाले. सदर माल बाहेर नेण्यासाठी आपल्याकडे गेट पास अथवा लेखी परवानगी नव्हती. वरील कृत्य सिद्ध झाल्यास ते आदर्श स्थायी आदेशांनुसार मालकाच्या मालमत्तेबाबत चोरी / अप्रामाणिकपणा या सदराखालील गैरवर्तन ठरते. आपला लेखी खुलासा हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत द्यावा.'

'सिद्ध झाल्यास' हे दोन शब्द विसरू नका. सोबत जोडायच्या कागदांची यादी द्या: झडतीचं टिपण, साक्षीदारांचे जबाब, इश्यू रजिस्टरचं पान. आणि पत्र मराठीत. कोल्हापुरातल्या लेथवरच्या माणसाला सल्लागाराच्या साच्यातलं इंग्रजी आरोपपत्र देऊन वर 'त्यानं खुलासा केला नाही' म्हणायचं, हे कोणत्याही न्यायाधीशाला रुचत नाही.

गैरवर्तन कुठल्या सदराखाली येतं, ते लिहिणं महत्त्वाचं. नियमात जे गैरवर्तन म्हणून मोजलेलंच नाही त्यावर शिक्षा करता येत नाही, हे ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या १९८४ च्या निकालापासून पक्कं आहे. महाराष्ट्रात आधी ५० कामगारांपासूनच आदर्श स्थायी आदेश लागू होत होते, त्यामुळे तुमच्या जुन्या नेमणूकपत्रांत त्यांचा उल्लेख असायची दाट शक्यता आहे. ११ वर्षांपूर्वीचं त्याचं पत्र काढा. उल्लेख असेल तर तेच सेवानियम धरून पुढे जा. जुना आणि नवा, दोन्हींतला जो नियम तुम्हाला जास्त बांधतो तो पाळलात तर नंतर वाद उरत नाही.

कामगार_बाजू

मालक लोकांचा धागा आहे, पण दुसऱ्या बाजूनं हल्ला कुठून होतो तेही कळू द्या.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याचं परिशिष्ट चार, बाब १ वाचा. आकसानं, सद्भाव सोडून, खोट्या प्रकरणात गोवून, चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईनं, किरकोळ गैरवर्तनासाठी मागची नोकरी न बघता धक्कादायक वाटेल इतकी जबर शिक्षा देऊन कामावरून काढणं, हे सगळं तिथं एकेक करून मांडलेलं आहे. कामगाराच्या तक्रारीचा साचा म्हणजे हीच यादी. तक्रारीची मुदत ९० दिवस. तुमच्या हकिकतीत आत्ताच दोन मुद्दे आहेत: रात्रीचा माफीनामा आणि तोंडी बंदी. तिसरा युनियन काढणार, की पगारवाढीच्या बोलणीच्या तोंडावर हे प्रकरण कसं निघालं?

म्हणून झडती नेहमीची होती का, ते दाखवता आलं पाहिजे. रोज प्रत्येकाची होते की त्या दिवशी फक्त त्याचीच झाली? गेट रजिस्टरमध्ये त्या रात्री किती जणांची झडती लिहिलीय? एकट्याचीच असेल आणि 'खबर मिळाली होती' म्हणत असाल तर खबर देणारा आणावा लागेल.

शिक्षेचं म्हणाल तर 'कोर्ट परत घ्यायला लावतं' हे अर्धसत्य आहे. शिक्षा जास्त वाटली तर बदलायचा अधिकार जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ११-अ पासून आहे, संहितेतही तो ठेवलाय. पण चोरी, अफरातफर, खोटी बिलं यांत कोर्टाचा हात सहसा आखडताच असतो. कर्नाटक एसटीच्या कंडक्टरच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये अशा अप्रामाणिक माणसाला सेवेत ठेवण्याची सहानुभूती अनाठायी म्हटलं. रक्कम छोटी म्हणून माणूस सुटत नाही. शिवीगाळीत मात्र दोन्ही प्रकारचे निकाल आहेत: महिंद्राच्या २००५ च्या प्रकरणात वरिष्ठाला घाणेरड्या शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी कायम राहिली, तर डेल्टन केबलच्या १९८४ च्या प्रकरणात शिव्यांसाठी बडतर्फी ही भलतीच जबर शिक्षा ठरली. प्रसंग काय होता, कोणी डिवचलं, शब्द नेमके कोणते होते, यावर सगळं फिरतं. शब्द आरोपपत्रात जसेच्या तसे लिहिले नाहीत तर तो आरोप पोकळच.

तुमच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न वेगळा असेल. गेल्या चार-पाच वर्षांत गेटवर असं कोणी सापडलं होतं का, आणि त्याला काय केलंत? दोन वर्षांपूर्वी बोरिंगची (धातूच्या भंगार चुऱ्याची) पिशवी नेताना सापडलेल्याला चार दिवस घरी बसवून परत घेतलं असेल आणि याला थेट बडतर्फी, तर फरक कशासाठी ते बडतर्फीच्या आदेशात लिहावं लागेल. भंगार आणि नवा सीलबंद माल हा फरक ग्राह्य आहे, पण तो तुम्ही मांडलात तर.

शिरोली_मशिनशॉप

सगळ्यांचे आभार. निलंबन आदेश आज दिला, घ्यायला नकार दिला म्हणून दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तसं टिपण केलं आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवला. बॉक्स सुदैवानं रॅकवर गेले नव्हते. बॅच बिलाशी जुळते. संरक्षितांच्या यादीत त्याचं नाव नाही.

दोन शंका. चौकशी अधिकारी म्हणून आमचे प्लांट मॅनेजर चालतील का? झडती झाल्यावर ते गेटवर आले होते, पण झडती त्यांनी घेतली नाही. आणि दुसरं, याच्याशी संबंध नाही, पण विचारून घेतो: पन्हाळ्याकडचा एक हेल्पर रोपलावणीला गेला तो बारा दिवस आलाच नाही. दहा दिवसांवर गैरहजर राहिला की नाव आपोआप कमी होतं असं ऑफिसमधले म्हणतात.

फाईलबंद

प्लांट मॅनेजर नको. गेटवर आले म्हणजे ते साक्षीदार झाले. साक्षीदार, तक्रारदार आणि शिक्षा देणारा, यांपैकी कोणीही चौकशी अधिकारी होऊ नये. बाहेरचा वकील चौकशी अधिकारी म्हणून नेमता येतो, कारखान्याकडून त्याला मानधन मिळतं म्हणून चौकशी बाद होत नाही. मात्र कारखान्याची बाजू मांडायला कायद्याचा जाणकार बसवलात तर कामगारालाही वकील द्यावा लागेल, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या १९८३ च्या निकालाचा अर्थ तोच. सोपं म्हणजे तुमची बाजू एचआरचा माणूस मांडेल, त्याची बाजू सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी मांडेल.

चौकशीत काय व्हावं ते सूर एनॅमलच्या १९६३ च्या निकालात सुटसुटीत सांगितलंय: आरोप स्पष्ट कळवणं, साक्षीदार त्याच्या समोर तपासणं, उलटतपासणीची संधी, स्वतःचे साक्षीदार आणि स्वतःची साक्ष देण्याची संधी, आणि कारणांसह अहवाल. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात पहिल्याच बैठकीत चौकशी अधिकारी कामगारालाच विचारतो, 'काय रे, बॉक्स कुठून आणलेस?' इथेच गाडी रुळावरून घसरते. आरोप कारखान्यानं केलाय, तर आधी कारखान्याचे साक्षीदार. असोसिएटेड सिमेंटच्या १९६३ च्या निकालात याच मुद्द्यावर कोर्टानं कान उपटले होते. कामगाराची पाळी सगळ्यात शेवटी, आणि त्याला बोलायचं नसेल तर सक्ती नाही.

साक्षीदाराचा आधी लिहून घेतलेला जबाब नुसता वाचून दाखवून 'बरोबर आहे का' विचारणं ही साक्ष नव्हे. जबाबाची प्रत कामगाराला आधीच मिळालेली हवी, मग साक्षीदार समोर बसून सांगेल, मग उलटतपासणी. प्रत्येक पानावर चौघांच्या सह्या, प्रत त्याच दिवशी कामगाराच्या हातात आणि तशी पोच. सही करायला नकार दिला तर नकाराचीच नोंद.

तो आलाच नाही तर लगेच एकतर्फी करू नका. पुढची तारीख लेखी कळवा, निदान एकदा तरी संधी द्या, मग एकतर्फी. आणि एकतर्फी म्हणजे 'आला नाही, सबब आरोप सिद्ध' असं दोन ओळींत आटपायचं नाही. वॉचमनची साक्ष, स्टोअरकीपरची साक्ष, रजिस्टर, सगळं तितकंच नोंदवायचं. बिनपुराव्याची एकतर्फी चौकशी म्हणजे चौकशी नाहीच.

अहवाल आल्यावर त्याची प्रत कामगाराला द्या आणि त्यावर म्हणणं मागवा. ईसीआयएलच्या १९९३ च्या निकालापासून हा टप्पा चुकवता येत नाही. मागच्या नोकरीतले मेमो शिक्षेसाठी विचारात घेणार असाल तर तेही याच नोटिशीत त्याच्यापुढे ठेवा. आदेशात अचानक 'पूर्वीचे तीन मेमो पाहता' असं लिहिलं की झालं, उत्तर द्यायची संधी कुठे दिली? आदेशावर सही नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्यावरच्याची. आरोपपत्रापासून इथवर ४५ ते ६० दिवस धरा. कामगारानं तारखा मागितल्या तर ९०.

चौकशीत काही चुकलंच तर सगळं संपत नाही. कोर्टात नव्यानं पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करायची मुभा मालकाला असते, पण ती सुरुवातीच्या लेखी जबाबातच मागून ठेवावी लागते. कर्नाटक एसटीच्या लक्ष्मीदेवम्मा प्रकरणात, २००१ मध्ये, घटनापीठानं तेच सांगितलं. वकिलाला ते एक वाक्य घालायला सांगा. विसरलं तर चार वर्षांनी पश्चात्ताप.

पंचगंगाकाठ

हेल्परचं मी सांगतो. 'नाव आपोआप कमी' असं काही नसतं. डी. के. यादव प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९९३ मध्ये सांगितलं की स्थायी आदेशात तसं लिहिलेलं असलं तरी चौकशीशिवाय नाव कमी करणं बेकायदा. सलग दहा दिवसांहून जास्त विनापरवाना गैरहजेरी हे गैरवर्तन आहे, पण ते सिद्ध करावं लागतं. आणि २०१२ च्या कृष्णकांत परमार निकालानंतर गैरहजेरी जाणूनबुजून होती का, हेही बघावं लागतं. आषाढात रोपलावण, हंगामाला ऊस, हे आपल्या भागात दर वर्षीचं. रजेचा अर्ज केला होता का, इन्चार्जनं तोंडी 'जा' म्हटलं होतं का, मोबाइलवर मेसेज आहे का, आधी विचारा.

करायचं ते असं: घरच्या पत्त्यावर पत्र, 'अमुक तारखेपासून गैरहजर आहात, ४८ तासांत हजर व्हा आणि कारण द्या.' आठ दिवसांनी दुसरं. तरीही आला नाही तर आरोपपत्र. आला तर आधी कामावर घ्या, मग मेमो. गेटवर अडवून 'तुझं नाव कमी झालंय' म्हणालात की गैरहजेरी तुमच्यामुळे झाली. पहिलीच वेळ असेल तर ताकीद किंवा फार तर चार दिवसांचं निलंबन. बारा दिवसांसाठी बडतर्फीचा आदेश टिकवणं अवघड, आणि हेल्परसाठी ती लढाई लढायची तरी कशाला?

कामगार_बाजू

पोलिसांचं राहिलंच. नोकरानं मालकाच्या मालाची चोरी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ चा गुन्हा आहे, द्यायची तर तक्रार आत्ता द्या. महिन्यानं दिली तर दबावासाठी दिली असं दिसतं. फौजदारी खटला आणि खात्याची चौकशी दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. एकीत संशयापलीकडचा पुरावा लागतो, दुसरीत शक्यतेचं पारडं पुरतं. पण दोन्हीकडे तेच साक्षीदार, तेच कागद आणि तिकडे तो निर्दोष सुटला, तर इकडच्या बडतर्फीला धक्का बसू शकतो. तपास कच्चा राहणार असेल तर तक्रार न देणंही शहाणपणाचं, चौकशीला त्याची गरज नाही.

बडतर्फी चुकली तर किंमत काय, ते मालकांना आकड्यात सांगा. दीपाली सुरवसे निकालानंतर (२०१३) बेकायदा काढलं असेल तर मागच्या पगारासह परत घेणं हा साधारण नियम झाला. अठरा हजारांचा कामगार, खटला पाच वर्षं चालला, तर मागचा पगारच १० लाख ८० हजार. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय, रिटसाठी मुंबईच्या खेपा नाहीत. 'कामगार थकून सोडून देईल' हा हिशेब आता जुना झाला.

शिरोली_मशिनशॉप

हे मालकांना वाचून दाखवतो. शेवटचं: चौकशीअंती बडतर्फ केलंच तर ग्रॅच्युइटी आणि बाकीचा हिशेब रोखून धरायचा असं त्यांच्या मनात आहे.

फाईलबंद

पगार, शिल्लक रजेचे पैसे वेतन संहितेनुसार दोन कामाच्या दिवसांत द्यायचे, बडतर्फी असली तरी. पीएफला हात लावता येत नाही.

ग्रॅच्युइटी आपोआप जप्त होत नाही. नुकसान झालं असेल तर नुकसानीच्या रकमेपुरतीच कापता येते. इथे माल परत मिळालाय, म्हणजे नुकसान जवळपास शून्य. नोकरीच्या ओघात नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरेल असं कृत्य असेल तर पूर्ण किंवा काही भाग जप्त करता येतो, आणि त्यासाठी फौजदारी शिक्षा झालेलीच हवी असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. पण त्याच निकालात जप्ती किती करायची ते कृत्याच्या गांभीर्यावर ठरवा, असाही सूर आहे. म्हणून वेगळी नोटीस, वेगळं म्हणणं, वेगळा कारणांसह आदेश. बडतर्फीच्या आदेशात 'ग्रॅच्युइटी देय नाही' अशी एक ओळ चिकटवून भागत नाही.

आकडा मोठा नसतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० असेल तर भागिले २६ गुणिले १५ म्हणजे १२,०००, गुणिले ११ वर्षं म्हणजे १ लाख ३२ हजार. एवढ्यासाठी दुसरं प्रकरण उघडायचं की नाही ते मालकांनी ठरवावं. माझं विचाराल तर देऊन टाका. आणि मंजुरीचा अर्ज, महिन्याचा पगार आणि आदेश या तिन्हींवर एकच तारीख आहे ना, ते पाकीट बंद करायच्या आधी पुन्हा एकदा बघा.